मामांचं पावणं

सबंध कोल्हापुरात हळू बोलता न येणारी माणसं पुष्कळ आहेत, पण आमच्या शेजारच्या मामांसारखा आवाज दुसऱ्या कुणाला लाभला नाही. मामा गोठ्यात म्हशीला "आलो गं" म्हणाले की गल्लीतल्या चार बायका दार उघडून बघतात. दुधाचा धंदा वडिलोपार्जित, त्यामुळे जगातली सगळी दुखणी पिशवीतलं दूध प्यायल्यानं होतात असं त्यांचं ठाम मत. मला साधी शिंक आली तरी भिंतीपलीकडून आवाज येतो, "आज पिशवी फोडली व्हय गं?" त्यांचा सगळा जीव बिजली नावाच्या म्हशीत. हे नाव काय बघून ठेवलं देव जाणे, कारण तिला नुसतं उठून उभं राहायला अर्धी सकाळ लागते. पण दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडे म्हशी मिरवतात. मामांनी सायलेन्सर काढलेली मोटरसायकल फडफडवली, की शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ घातलेली हीच बिजली शेपूट उभारून गाडीमागे धावायची. त्या दिवशी म्हैस धावली नाही तर मालकाला वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

तेच मामा गेल्या उन्हाळ्यात गोठ्यात शेणावरून घसरले आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, एक्स-रेत हाड छान जुळलेलं दिसलं, पण हात लालबुंद, सुजलेला, तुकतुकीत. शर्टाची बाही लागली तरी मामांच्या डोळ्यांत पाणी, पंख्याचा वारा लागला तरी किंकाळी. हाड जुळलं म्हटल्यावर गल्लीला हे सोंग वाटायला लागलं. "म्हातारं काम चुकवतंय," असं कुणीतरी बोललं, ते मामांच्या कानावर गेलं, आणि मामा चक्क गप्प झाले. त्या बोलणाऱ्याचा मला असा राग आला की सांगता सोय नाही. काही दिवसांनी आवाज परत आला, पण हाताचं नाव बदललं होतं. "ह्यो माझा न्हायच. दुसऱ्या कुणाचा तरी आणून जोडलाय," मामा सांगायचे. "पावणं आल्यात, बसल्यात, जायचं नावच न्हाय."

शेवटी मामींनी मला गळ घातली आणि मी मामांना स्कूटरवरून फिजिओथेरपीला न्यायला लागले. मामा मागे बसून डावा हात निरांजनासारखा वर धरायचे, आणि खड्डा आला की ओरडायचे, "पोरी, सावकाश की! पावणं हाईत गाडीवर!" तिथली डॉक्टरीण जयसिंगपूरची, वयानं लहान पण भारी खमकी. तिनं हात नुसता बघितला, त्याला शिवली नाही. म्हणाली, "मामा, तुमचं दुखणं खरं आहे. याला सीआरपीएस म्हणतात, हाड जुळलं तरी नसा ओरडत राहतात. चोर कधीच पळालाय, पण कुत्रं भुंकायचं थांबत नाही. त्याला मारून नाही, चुचकारून गप्प करायचं." दुखणं खरं आहे, एवढं एक वाक्य ऐकून मामा रडले. अर्थात मोठ्यानं. बाहेरचे दोन पेशंट घाबरून घरी गेले.

आधी नुसता कापूस फिरवायचा, मग मऊ कापड, मग टॉवेल, मग तांदळात बोटं, असा तिचा सावकाशीचा कारभार. पण मामांचं तरुणपण तालमीत गेलेलं. जेवढं जास्त दुखेल तेवढं लवकर बरं होणार, हा तिथला हिशेब. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गरम तेल घेऊन हात खसाखसा रगडला आणि हाताचा भोपळा झाला. "ही कुस्ती नाही, मामा!" डॉक्टरीण कडाडली. "चितपट कुणाला करताय? हात तुमचाच आहे ना?"

"त्येच तर पटंना की!" मामा ओरडले.

मग तिनं टेबलावर आरसा उभा केला. दुखरा हात आरशामागे ठेवायचा, चांगला पुढे, आणि आरशात बघत मूठ उघडायची-मिटायची. बघणाऱ्याला वाटतं, डावाच हात सुखानं हलतोय. मेंदूची हळूहळू समजूत पटते म्हणे. मामांनी घरचा आरसा गोठ्यात नेला आणि बिजलीपुढे बसून रोज हवेतल्या हवेत धार काढायला सुरुवात केली. बिजली रवंथ थांबवून बघत राही. "म्हातारपणी नटायचं सुचलंय," मामी म्हणायच्या, पण आरसा रोज पुसून त्याच ठेवायच्या. मामांचं एकच म्हणणं, "पाडव्याला ह्याच हातानं क्लच म्या दाबणार." डॉक्टरणीनं कबूल काही केलं नाही. "प्रयत्न करू," एवढंच म्हणाली.

पाडवा आला. मामा गाडीवर बसले, पण क्लच अर्धाच दाबला गेला आणि गाडी बंद पडली. मग त्यांचा पुतण्या बसला. त्यानं गाडी कितीही फडफडवली तरी बिजली जागची हलेना. लोक हसायला लागले. मामा गर्दीतून तिच्यापाशी गेले आणि कधी नव्हे तो डावा हात पुढे केला. तिनं तो चाटला. म्हशीची जीभ काथ्यासारखी खरखरीत. मामांनी दात आवळले, पण हात काढला नाही. तोच हात तिच्या मानेवर ठेवून ते चालायला लागले आणि बिजली त्यांच्या पावलानं चालू लागली. धावली नाही, पण हसणारे बाजूला झाले.

मी जवळ जाऊन विचारलं, "मामा, दुखलं का हो?"

"दुखलं की," मामा म्हणाले. "पण मला दुखलं. पावण्याला न्हाय."

थंडीत तो हात अजून ठणकतो, क्लच अजून पुरता दाबत नाही. पण मामांना हळू बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलंय, आणि शेजारून चाललेल्या बिजलीखेरीज ते दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.