पुरी झालेली फुक्को

एका शब्दाने माझं डोकं खाल्लं होतं. पुण्याच्या एका प्रकाशकाने स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अमेरिकेच्या राजकीय-सामाजिक इतिहासाचं जाडजूड पुस्तक भाषांतराला दिलं होतं, आणि मी जपानातल्या त्सुकुबा शहरात, सरकारी वसाहतीत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते मराठीत ओढत होते. वसाहती, क्रांती, राज्यघटना, गुलामगिरी, यादवी युद्ध, इथपर्यंत गाडी बरी चालली. मग 'रिकन्स्ट्रक्शन' आलं. युद्ध संपलं, गुलाम मोकळे झाले, आता मोडलेला दक्षिण भाग पुन्हा उभा करायचा, त्या सगळ्या काळाचं हे नाव.

"पुनर्रचना लिहा हो मॅडम, गाइडांत तेच असतं," संपादक फोनवर म्हणाले. मला तो शब्द नको होता. पुनर्रचना म्हटलं की डोळ्यांसमोर राज्यांचे नकाशे आणि आयोग येतात. पुनर्बांधणी म्हटलं की सोसायटीच्या मीटिंगला स्वखर्चाने समोसे आणणारा बिल्डर. राहिलं पुनर्वसन. तो शब्द आपल्याकडे धरणाखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत इतका वापरून झालाय, की तो कानावर पडताच माणूस समजून जातो, आता काही मिळायचं नाही.

"अगं, तुझा शब्द बाहेर प्रत्येक पोस्टरवर आहे. फुक्को," नवरा म्हणाला. तो इथल्या संशोधन संस्थेत भूजलावर काम करायचा आणि त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर उपाय असायचा. "एवढं काय ओव्हरथिंक करतेस?"

पोस्टरांचं खरंच होतं. मोठ्या भूकंपाला वर्ष उलटून गेलं होतं आणि स्टेशनात, नगरपालिकेत, कोंबिनी नावाच्या चोवीस तास उघड्या दुकानांच्या काचेवर, जिथे तिथे फुक्को. पडलेलं पुन्हा उभं करणं. आमच्या वसाहतीतल्या रिकाम्या घरांत फुकुशिमाकडची माणसं आणून ठेवली होती, अणुवीज केंद्राजवळच्या गावांतून उठवलेली. आमच्या समोरच्या दारात त्यांतल्याच एक आजी राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, एकट्या. कचऱ्याच्या दिवशी मी प्लास्टिक चुकीच्या पिशवीत भरलं की त्या एक शब्द न बोलता माझी पिशवी सोडून नीट लावून द्यायच्या. मला त्याचा भयंकर राग यायचा.

एकदा त्यांनी विचारलं, ओकुसान, म्हणजे वहिनी, दिवसभर टेबलाशी बसून काय लिहिता? माझं जपानी बाजारहाटापुरतं. 'अमेरिका', 'फार पूर्वी', 'युद्धानंतर' हे सगळं एका वाक्यात गुंफणं माझ्याच्याने होणारं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "फुक्कोचं पुस्तक." आजी कमरेतून वाकल्या. दुसऱ्या दिवशी घरी मुरवलेला मुळा घेऊन आल्या आणि बोलायला लागल्या. भातखाचरं, घर, भूकंपाच्या आधीच्या हिवाळ्यात बांधून घेतलेलं नवं न्हाणीघर, त्याच्या हिरव्या फरशा. मी आपली 'हाय, हाय' करत राहिले. जपानीत हाय म्हणजे हो. असे तीन-चार मुळे खाऊन झाले.

मग एकदा आमची लेक शाळेतून लवकर आली. ती तेव्हा सहावीत होती, मराठी समजायची आणि उत्तर बहुतेक जपानीत द्यायची. तिने थोडा वेळ ऐकलं आणि मला म्हणाली, "आई, ओबाचानला वाटतंय तू तिच्या गावाचं बुक लिहितेस."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. म्हटलं, सांग बाई त्यांना नीट. तिने सांगितलं, अमेरिका, गुलाम, युद्ध, दीडशे वर्षांपूर्वी. आजी दुखावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे ती फुक्को पुरी झालेली आहे?" आणि मग पुढे सरकून म्हणाल्या, "मग ती कशी झाली ते मला सांगा. इथे कुणालाच माहीत नाही, पुरी झालेली कशी असते ते."

त्यानंतर लेक शाळेतून आली की त्या यायच्या. मी चहा टाकायचे आणि मराठीत सांगायचे, लेक जपानीत. सुरुवातीचा भाग सोपा होता. मोकळी झालेली माणसं विकल्या गेलेल्या आपल्या माणसांना शोधायला पायी निघाली. म्हाताऱ्या बायका नातवंडांशेजारी बसून अक्षरं गिरवायला लागल्या. मालक जी सोडून पळाले होते ती समुद्रकाठची जमीन कित्येक कुटुंबांना वाटून दिली, त्यांनी ती नांगरली, पेरली. काल जे गुलाम होते ते मत द्यायला लागले, विधिमंडळात बसले. आजींना जमिनीचा भाग फार आवडला. तो त्यांनी दोनदा ऐकला. "परत गेलं की पहिलं वर्ष जमीन तशीच सोडावी लागेल," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी पेरता येईल." अमेरिकेचं गणित त्या आपल्या खाचरांना लावत होत्या. ते माझ्या ध्यानात आलं आणि मी घाईने आणखी चहा ओतला.

कारण पुढची पानं माझ्यासमोर पडली होती. वाटलेली जमीन राष्ट्राध्यक्षांनीच काढून जुन्या मालकांना परत दिली. मत द्यायला जाणाऱ्यांचे मुडदे पडले. आणि सुरुवातीला ज्यांनी त्यांच्यासाठी टाहो फोडला होता ते उत्तरेतले भले लोक कंटाळले. मला हेच सगळ्यात लागलं. दुष्टपणा निदान समजतो. इथे माणसं चांगली होती आणि कंटाळली. शेवटी एका निवडणुकीच्या सौद्यात सैन्य मागे घेतलं आणि कारभार पुन्हा त्याच हातांत गेला. मी शब्दाचा नाद सोडला आणि पुनर्रचना लिहून मोकळी झाले. आमच्या स्टेशनातली फुक्कोची पोस्टरंही तोवर कमी झाली होती, तिथे क्रीडास्पर्धांची आली होती.

मी वेळकाढूपणा करायला लागले. रेल्वेचं सांगितलं, शाळांचं पुन्हा सांगितलं. नवरा म्हणाला, "त्यांना सांग ना, ही हिस्टरी आहे, फोरकास्ट नाही."

"मग फोरकास्ट तू सांग," मी म्हणाले. "तुला तिथल्या पाण्यातलं कळतं." तो ताट ओढून जेवायला बसला.

मधल्या काळात आजी किरणोत्सर्गापासून बचावाचा अंगभर पांढरा सूट घालून काही तासांसाठी घर बघून आल्या होत्या. रानडुकरं आत शिरलेली, जमिनीवरच्या तातामी चटया कुजलेल्या. नळाला पाणी नव्हतं म्हणून कोरड्या फडक्याने न्हाणीघर पुसून आल्या.

मग एक दिवस त्या मुळा न घेता आल्या. गावच्या कार्यालयाने कळवलं होतं, त्यांची वाडी आता उघडणार नाही. जिल्हाभरातून खरवडून काढलेली विषारी माती काळ्या पोत्यांत भरून तिथे आणून ठेवणार, तात्पुरती. तात्पुरती म्हणजे त्या मेल्यावरही पुष्कळ वर्षं.

"आज शेवट सांगा," त्या म्हणाल्या.

मी सांगितला, काही न लपवता. लेक एका ठिकाणी अडली. "आई, कंटाळले म्हणजे दमले की बोअर झाले?"

"दोन्ही," मी म्हणाले.

आजींनी विचारलं, मग ती माणसं गेली कुठे? मी म्हटलं, कुठेच नाही. त्याच मालकांच्या शेतांवर अर्ध्या वाट्याने राबत राहिली, त्यांची मुलंही.

"त्याच जमिनीवर?"

"हो."

त्यांनी कप ठेवला आणि सावकाश, मलाही कळेल अशा जपानीत म्हणाल्या, "माझ्या जमिनीवर आता कुणाला गुलाम म्हणूनसुद्धा राहता येणार नाही."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी त्या पुस्तकातल्या माणसांच्या वतीने कडाकडा भांडले असते. लेक माझ्याकडे बघत होती, मराठीत सांगू का म्हणून. मी मानेनेच नको म्हटलं. मला रडू येत होतं आणि त्या रडत नव्हत्या, त्यामुळे मलाही रडता येईना.

दारात बूट चढवताना त्या थांबल्या. "हे पुस्तक मुलं वाचणार ना?"

"हो, परीक्षेला बसणारी."

"मग शेवट जरा बरा लिहा," त्या म्हणाल्या आणि वाकल्या.

मी लिहीन म्हणाले. पुस्तक छापून आलं. शेवट तोच आहे.