घारीची नजर

गुरुजींनी माझी वेणी मनगटाला गुंडाळली आणि माझं तोंड फळ्यावर आदळलं.

"दिसत नाही म्हन्ते? घे. आता जवळून पाय!"

नाक फुटलं. रगत इतकं, की पैनगंगेला अवकाळी पूर यावा. फळ्यावरच्या अपूर्णांकांवरून ओघळलं, अंश आणि छेद एक झाले. वर्ग हसला.

माझा गुन्हा? फळ्यावर सदतीस होते, मी वहीत एकतीस उतरवले. लांबून साताचा एक झाला होता.

शाळा आमच्याच गावची, मुकुटबनच्या रस्त्याला. बसायला टाटपट्ट्या. पुढची पट्टी पाटलाच्या, सरपंचाच्या लेकरांची. आम्ही बौद्धपुऱ्यातली पोरं सगळ्यात मागं, दाराशी, साऱ्यांच्या चपलांजवळ. असा नियम कुठंच लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तरी मला तिथून दिसला नसता.

तिथून फळा म्हणजे धुक्यात उभी म्हैस. म्हशीच्या अंगावर कोणी काय लिहिलं, ते कसं वाचायचं? पण माझे कान, राजेहो! खडू घासला की ओळखायची, चार काढला की आठ. गुरुजींच्या पोटात वरण गुरगुरून राह्यलं की झुणका, तेही सांगायची. अर्धं पुस्तक मी कानांनीच खाल्लं. न बोलता लिहिलेलं तेवढं हुकायचं. हुकलं की छडी.

मग एकदा तालुक्याहून डोळ्यांचे डॉक्टर आले. व्हरांड्यात अक्षरांचा तक्ता टांगला. रांग लागली. आम्ही शेवटी, हे सांगायला नको. तक्त्याच्या बाजूला गुरुजी छडी घेऊन उभे. आता तुम्हीच सांगा, छडी उभी आहे, माणूस म्हणतो "वाच", मग ही परीक्षा नाही तर काय? पुढच्या पोरांनी एकेक करून तक्ता वाचला. माझा नंबर येईस्तोवर मला तो पाढ्यासारखा पाठ. डॉक्टरांची पट्टी पहिल्या ओळीवर होती तेव्हा मी खालच्या ओळीला पोचले होते. एक डोळा झाकला, पुन्हा म्हटलं. दुसरा झाकला, पुन्हा. दोन्ही झाकले असते तरी म्हटलं असतं.

"वा! घारीची नजर हाय पोरीची," डॉक्टर म्हणाले.

त्या शाळेत मला पहिल्यांदा कोणी वा म्हटलं. मी घरी चालत गेले नाही, उडत गेले.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींना मोकळं रान. आधी मी ठोंब होते, आता माजोरी झाले.

"नजर घारीची हाय. म्हंजे हा माजच हाय. तुमच्या रगतातच हाय."

छड्या दुप्पट झाल्या. त्यातच एक दिवस ते नाक.

संध्याकाळी माय पाटलाचा कापूस वेचून आली. कमरेची ओटीसुद्धा सोडली नाही. माझं तोंड पाहिलं, दारात गेली, बोटं वर केली.

"किती?"

"नाही दिसत."

जवळ आली. "आता?"

"नाही."

माझ्यासमोरच्या चुलीपर्यंत आली.

"तीन."

मायच्या डोळ्यात पाणीबिणी काही आलं नाही. माय म्हणजे अंगार.

"दिसत नाही तं मांगं बसते कायले वं?"

"गुरुजीनं बसवलं."

"अन् तू बसली?"

छडीपेक्षा ते लागलं. मार खायला मला येत होतं. न बसणं मात्र कधी सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पट्टीवर. मधोमध.

"गुरुजी, पाहा हे कुठं बसून राह्यली!" पाटलाची पोरगी किंचाळली.

गुरुजी आले. माझ्या जातीचं नाव शिवीसारखं घेतलं.

"ऊठ."

"नाही."

मी त्यांच्या टेबलाचा पाय दोन्ही हातांनी कवटाळला. छडी पाठीवर, मानेवर, बोटांवर. छडी मोडली. मग लाथ. मी टेबलासकट सरकले, पण सुटले नाही. मग ते केसांना धरून ओढायला वाकले, आणि त्यांचा हात माझ्या तोंडासमोर आला.

मी चावले. हाड लागेस्तोवर.

त्यांची किंकाळी अशी, की तिकडं कळंबच्या देवळातला चिंतामणी गणपती दचकला असेल. हिसक्यात त्यांचा जाड भिंगांचा चष्मा उडाला. गुरुजी गुडघ्यांवर आले. फरशी चाचपायला लागले.

"चष्मा कुठं हाय? मले काही दिसून नाही राह्यलं!"

चष्मा माझ्या पायाशी होता.

"नजर तं चांगली हाय गुरुजी," मी म्हटलं. "माज असन."

मी उचलून दिला नाही. शोधू दिला.

त्यांनी माझं नाव कापलं. मायनं मला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, डोळे तपासले, चष्मा लावला, दुसऱ्या शाळेत घातलं. तिथं मी पुढंच बसले. कोणाला विचारून नाही.

गुरुजींना मी माफ केलं नाही. म्हातारे झाले असतील, होऊ दे.

माझी पोरगी यंदा पहिलीत गेली. तिचे डोळे मी रांगेत उभं करून नाही, दवाखान्यात नेऊन तपासून घेतले. बाईंनी पहिल्या दिवशी तिला मागची जागा दाखवली. मी पोरीला उचलून पुढं आणून बसवलं आणि तिला सगळ्यांसमोर सांगितलं: फळा दिसत नाही तिथं बसायचं नाही. जागा मागायची नाही, घ्यायची. आणि कोणी उठवायला हात लावला, तर तुझी माय घरीच आहे. तिचे दात अजून शाबूत आहेत.