कोरडी राहिलेली छागल

पाण्याचं भांडं निवडायला काय अक्कल लागते, असं मला वाटायचं. भोक नाही ना, एवढं बघायचं आणि घ्यायचं. माझी शाळा दुसरीत सुटली, पण भोक ओळखण्याइतकी अक्कल मला होती. त्या अकलेनं काय केलं ते लिहितो. आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे मान खाली घालायची, आणि ती मला घालता येत नाही.

बहात्तरच्या दुष्काळाचा दुसरा उन्हाळा. आम्ही औंधाच्या उगवतीकडचे, मेंढरं राखणारे. आमची चार तुकडे जमीन होती, पण तिच्यात दगडच जास्त. बायको, पोरं आणि चुलतभाऊ मेंढरांची मोठी खांडं घेऊन केव्हाच पलूसकडं नदीकाठाला गेले होते. घोडं त्यांच्याबरोबर गेलं, आणि घोड्यावर हंडे, कळश्या, अंथरुणं सगळं गेलं. घरी मी आणि आबा, म्हणजे माझा बाप, दोघंच. चाळीसेक मेंढ्या उशिरा व्यायल्या होत्या, त्यांची कोकरं चालण्याजोगी व्हायची वाट बघत थांबलो होतो. मग चारा संपला. बाभळीच्या शेंगासुद्धा संपल्या. निघायलाच पाहिजे होतं.

वाट दोन दिवसांची. दुसऱ्या दिवशी पुढं गावं होती, विहिरी होत्या. पहिला दिवस मात्र नुसता माळ. नेहमीच्या तळ्यात भेगा पडलेल्या, आडात दगड टाकला तर खडखड आवाज यायचा. म्हणजे एक दिवसाचं पाणी दोघांनी अंगावर घेऊन चालायचं. आबाकडं सुतळीच्या जाळीत घातलेला वाळका भोपळा होता. त्यात पाणी गार राहायचं, पण एका माणसापुरतं. शिवाय काखेत एकेक कोकरू, हातात काठी. त्यात घागर कोण वाहणार? हलकं काहीतरी पाहिजे होतं, पाणी संपलं की घडी घालून कमरेला खोवता येईल असं.

औंधाच्या बाजारात मिलिटरीतून पेन्शनीवर आलेला एक गडी पोत्यावर माल मांडून बसायचा. जुने बूट, पट्टे, तंबूच्या दोऱ्या. त्याच्याकडं तीन वस्तू निघाल्या.

"ही बाटली बघ. अल्युमिनियमची. वरनं पडली तरी चेपंल, फुटायची न्हाई."

"दोन घोट मावत्यात हिच्यात. कोकराला पाजू का काय?"

"मग ही रबराची पिशवी. गुंडाळून खिशात घाल. पर पानी तापतंय आत, आन वास मारतंय."

मी हुंगून बघितली. ट्रकची ट्यूब तोंडात धरल्यासारखं झालं. परत दिली.

"मग ही घे गड्या. छागल. माझ्या उभ्या नोकरीत हिच्यावर काढलंय."

जाड कॅनव्हासची पिशवी होती. वर लाकडी तोंड, त्याला बूच, धरायला दोरी. वजन म्हणाल तर वाळल्या भाकरीएवढं. घडी घातली तर पंजात मावली. मी ती उन्हाकडं धरून आतून बघितली. सुताच्या विणीतून उजेड दिसत होता.

"ही तर चाळण हाय."

"कोरी हाय म्हून. दोन दिस पाण्यात बुडवून ठेव. सूत फुगतंय, भोकं बुजत्यात. मग नुसती पाझरती. पाझरती म्हून तर पानी गार ऱ्हातंय."

"पाझरती म्हंजे गळतीच की."

"गळत न्हाई रं, पाझरती."

"पानी आतनं भाईर आलं म्हंजे गळलं. त्याला तुमी फौजी लोक काय बी नाव ठेवा."

तो हसला. "मेंढरं राखतोस का वकिली करतोस? बुडवून ठेव म्हनतो ना. लय शाना हुऊ नगंस."

'लय शाना' हा शब्द मला लागला. चार माणसं बघत होती. मी म्हणालो, "चामड्यात आन सुतात जलम गेलाय आमचा, मला नको शिकवू." आणि पैसे पोत्यावर टाकून, छागल उचलून चालता झालो.

घरी आल्यावर आबानं ती उलटी-पालटी करून बघितली आणि विचारलं, "ह्यो लंगोट कुनाचा आनलास रं?"

"पानी ठेवायची पिशवी हाय, आबा."

"ज्येला बूड न्हाई, त्यात पानी कसं बसंल?"

"तुमच्या भोपळ्याला तरी बूड कुठं हाय? ठेवला तर लवंडतोय."

"लवंडंल. पर मी सांगतो तेवढं ऐकतोय त्यो. तुझ्यागत न्हाई."

आमचं बोलणं असंच असायचं. बायको म्हणायची, तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही, टकरा खेळता.

आता दोन दिवस बुडवून ठेवायचं तर पाणी पाहिजे. गावात पाण्याची गाडी यायची, घराला दोन घागरी मिळायच्या. त्यातल्या एकीत कोरं कॅनव्हास बुडवलं असतं तर पाण्याला खळीचा वास आला असता, आबा ते प्याला नसता. तेही चाललं असतं, मी प्यायलो असतो. खरं कारण दुसरंच. मेंढरं तहानेनं ओरडत असताना मी पिशवीला पाणी पाजत बसलोय हे आबानं बघितलं असतं, तर जन्मभर त्यानं ते बोलून दाखवलं असतं. आणि बाजारातल्या त्या फौजीचं ऐकल्यासारखंही झालं असतं.

मग मी आमची रीत वापरली. वहाणा तडकायला लागल्या की मेंढीची चरबी कढवून चोळायची. गोफणीच्या वादीला तीच, कुत्र्याच्या पट्ट्याला तीच. चरबी प्यालेलं चामडं पाण्याला दाद देत नाही. चामड्याला चालतं ते कापडाला का चालणार नाही? चांगल्या दिवसांतली डबाभर चरबी घरात होती. आबा मेंढरांकडं गेल्यावर ती चुलीवर पातळ केली आणि छागलीला आतून-बाहेरून चोळली. शिवणींवर दोनदा. थंड झाल्यावर कापड मेणकापडासारखं कडक झालं.

दिवस मावळल्यावर भरली आणि दारातल्या बोरीला टांगली. सकाळी उठून बघितलं तर खालची माती कोरडी ठणठणीत. छागलही बाहेरून कोरडी. नुसतं ओल सुटणंसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला की मी आबाला हाताला धरून आणलं.

आबानं बुडाखालून हात फिरवला. बोटं एकमेकांवर घासून बघितली.

"थेंब न्हाई गा," तो म्हणाला. "म्या चुकलो."

माझ्या उभ्या आयुष्यात माझ्या बापानं मला 'म्या चुकलो' म्हटलेलं हे एकदाच. त्याची गोडी काय सांगू! मी नुसता मिशीत हसलो.

"मग भोपळा ऱ्हाऊ दे घरी," आबा म्हणाला. "त्येच्या जागी ते लंगडं कोकरू घेतो. ते चालायचं न्हाई."

मी त्याला 'असू द्या बरोबर' म्हणालो नाही. भोपळा बरोबर घेतला असता तर माझ्या छागलीवर भरवसा नाही असं झालं असतं. त्यानं भोपळा खुंटीला अडकवला आणि आम्ही निघालो.

सकाळभर बरं चाललं. पहिल्या थांब्याला दोघं दोन-दोन घोट प्यालो. पाण्याला थोडा वास होता, आबानं तोंड वाकडं केलं. छागल मी पाठीवर टाकली होती, वर घोंगड्याची खोळ. ऊन चढलं. माळावर सावली अशी नव्हतीच. खडक तापले की त्या भागात जमिनीतून वाफ येते, मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राहतात आणि हलत नाहीत. त्यांना हाकलता हाकलता माझी पाठ भिजून गेली. घाम असेल म्हटलं. धोतराचा काष्टा ओला झाला तरी घामच म्हटलं. मागं हात लावून बघायला काय जात होतं? पण काल रात्रभर जी गळली नाही ती आज कशी गळेल, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

बारा वाजून गेल्यावर आबा म्हणाला, "दे रं घोटभर."

छागल पुढं ओढली तर हलकी लागली. कापड मऊ पडलं होतं, हाताला तेलकट. रात्रीच्या गारव्यात चरबी थिजून भोकं बुजवते आणि उन्हात वितळते, हे पोराला कळेल असं होतं. चरबी प्यालेलं सूत फुगलं नव्हतं ते नव्हतंच. शिवणीशिवणीतून पाणी निघून गेलं होतं. तळाशी तांब्याभर उरलं असेल, त्यावर चरबीचा तवंग.

आबानं घोट घेतला आणि भडाभडा ओकला. पोटातलं सकाळचंही गेलं.

"मेंढरू पाजतोस व्हय रं मला?" तो म्हणाला. रागानं नाही, थट्टेनंच. त्यानं हात लावून छागल बघितली, माझ्याकडं बघितलं. आता बोलंल, आता बोलंल, म्हणून मी वाट बघत राहिलो. बोलला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "चल, पुढं बघू."

पुढं फार चालला नाही. त्याचे पाय आपोआप वाकडे पडायला लागले. हिवराचं एक खुरटं झाड होतं, त्याखाली मी त्याला टेकवलं. कोकरू त्याच्या मांडीशी बसलं. अंगाला हात लावला तर तव्यासारखं, आणि घामाचा टिपूस नाही.

दूर डाव्या हाताला धूळ दिसत होती. दुष्काळी कामावरचे लोक रस्त्याची खडी फोडत होते. मी मेंढरं तशीच सोडली आणि तिकडं पळालो. तासभर तरी लागला असेल. तिथं एक पिंप होतं आणि त्याच्यापुढं बायांची रांग. वाटपाला बसलेल्या बाईला मी सांगितलं, "आवं, म्हातारा पडलाय माळाला. ह्यात पानी द्या." आणि छागल पुढं केली.

तिनं एक तांब्या ओतला. आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत तो खालून निघून गेला.

"ह्यात? आरं गाळनं हाय का पिशवी?"

"न्हाई गळत ती. थोडी दाबून धरतो. वता."

असं मी म्हणालो. बाप तिकडं पडलेला, आणि मी म्हणतोय गळत नाही. दोन्ही हातांनी बूड आवळून धरलं आणि तिला परत ओतायला लावलं. तेही गेलं. रांगेतल्या बाया ओरडायला लागल्या. "हितं थेंबाला तास-तास उभं ऱ्हातोय आन ह्यो मातीत वततोय!" कुणीतरी मला ढकललं. तेव्हा एक बाई रांगेतून बाहेर आली, माझ्या आईच्या वयाची, हाताला खडीनं फोड आलेली. तिनं आपला भाकरीचा डबा उघडला. आतली अर्धी भाकर पदरात घेतली, आपल्या वाट्याचं पाणी म्हणून डबा पिंपात बुडवला आणि झाकण दाबून माझ्या हातात दिला.

"पळ. पिशवी टाक ती. आन सावकाश पाज, घटाघटा न्हाई."

मी पळालो. पण पिशवी टाकली नाही. का नाही टाकली, ते आजही माहीत नाही.

आबा बसला होता तसाच होता, फक्त मान एका खांद्यावर गेलेली. डोळे उघडे होते. मी हाक मारली तर बुबुळ हललं. डबा ओठाला लावला. पाणी तोंडात गेलं आणि कोपऱ्यातून खाली हनुवटीवर आलं. परत लावला, परत आलं. गळा हलत नव्हता. मी बोटानं जीभ ओली केली, टाळूवर पाणी शिंपडलं, धोतराचं टोक भिजवून छातीवर ठेवलं. निम्मा डबा गेला. घोट एकही गेला नाही. ऊन कलायच्या आधी त्याचा श्वास थांबला.

संध्याकाळी खडीवरची चार माणसं आली, त्यांनी मदत केली. पलूसला निरोप गेला. सगळे म्हणाले, ऊन लागलं. दुष्काळानं नेला. त्या साली म्हातारी माणसं जातच होती, कुणाला नवल वाटलं नाही. चुलतभावानं विचारलं, "भोपळा कुठं हाय त्यांचा?" मी म्हणालो, घरी राहिला. खोटं नव्हतं ते.

तेरावा झाल्यावर मी तो डबा राखेनं घासला आणि परत द्यायला गेलो. रस्ता तेवढ्यात पुढं सरकला होता, बाई शोधायला वेळ गेला. ती ढिगाजवळ बसून हातोडी चालवत होती. मला तिनं ओळखलं नाही, डबा ओळखला. उघडून आत बघितलं, झाकण नीट बसतंय का ते बघितलं.

मग म्हणाली, "म्हातारा प्याला का रं पानी?"

तिला सांगायचं होतं. वाटेनं तेच ठरवून आलो होतो, बाकी कुणाला नाही तर हिला सांगू. चरबीचं सांगू, भोपळ्याचं सांगू. तिनं आपल्या वाट्याचं पाणी दिलं होतं, तिचा हक्क होता.

"व्हय," मी म्हणालो. "प्याला. लय गार लागलं म्हनाला."

"मग बरं झालं," ती म्हणाली आणि पुढचा दगड ओढून घेतला.