तीन नंबरचं बटण

वीजमीटर वाचायला आलाय असं समजून लोक त्याला जिन्याखालची पेटी दाखवायचे. बावीस वर्षं हेच चाललं होतं, म्हणून त्याचं नावही मीटरवालाच पडलं. त्याचं मीटर मात्र टीव्हीला जोडायचं. सोबत एक छोटा रिमोट, आणि त्यावर घरातल्या प्रत्येकाचं एक बटण. टीव्हीसमोर बसलात की आपलं बटण दाबायचं, उठलात की पुन्हा दाबायचं. कुठल्या घरात कुणाला काय आवडतं, ते त्याची कंपनी यावरून ठरवणार. एवढं सोपं असतं तर आणखी काय हवं होतं!

एके दिवशी ऑफिसातल्या मॅडमचा फोन आला.

"दुसऱ्या मजल्यावरचं घर. सासरा, मुलगा, सून. सून तीन नंबर, वय बेचाळीस. तीन महिन्यांत एक मिनिटही नाही. बटण दाबायला विसरत असेल तर शिकवा. बघतच नसेल तर 'आवड नाही' असं लिहून टाका."

मीटरवाल्याच्या जिवावर आलं. तो शेरा एकदा पडला की त्या बाईला तिची आवड पुन्हा कुणी विचारणार नव्हतं.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या फाटकावर कामगारांची हजेरी घेतली होती. पाणी प्यायला उठले तरी बटण बंद करणार, परत येऊन चालू करणार. खुर्चीत घोरणाऱ्या मुलालासुद्धा हलवून उठवायचे, "झोपलायस ना? मग बटण बंद कर आधी!" असा सदस्य मिळणं म्हणजे मीटरवाल्याचं भाग्यच.

"सूनबाईला टीव्हीचं वेड नाही हो," नाना कौतुकानं म्हणाले. समोर साडेसातची मालिका चालू होती. "आता हा म्हातारा बघा, हा मुलीचा सख्खा मामा..."

"सख्खा नाही, नाना, मानलेला," स्वयंपाकघरातून आवाज आला. "सख्खा मंगळवारीच गेला."

मीटरवाला उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. सून ओट्याशी उभी राहून भाजी चिरत होती.

"म्हणजे मालिका बघता तुम्ही?"

"ऐकते. बघायला वेळ कुठाय?"

"मग बटण का दाबत नाही?"

"समोर बसल्यावर दाबायचं, असं तुम्हीच सांगितलं होतं ना? मी बसलेय कधी?" तक्रार नव्हती; सरळ उत्तर होतं. मग जरा संकोचून तिनं विचारलं, "भाऊ, ती वकीलबाई दिसते कशी हो? आवाजावरून चांगली उंच वाटते."

मीटरवाल्यानं मागं वळून पडद्याकडे पाहिलं. "बुटकी आहे," तो म्हणाला. ती खळखळून हसली. त्याला मात्र हसू येईना. एवढं बडबडं घर, पण हा प्रश्न तिला परक्या माणसाला विचारावा लागला होता.

नाना दारापर्यंत सोडायला आले. "काय लिहिणार आता?"

"महिनाभर थांबतो. नाहीतर 'आवड नाही' लिहावं लागेल."

"अहो, पण आवड आहे की तिला!"

"हजेरी नाही ना, नाना."

नानांचा चेहरा पडला. आपण जरा जास्तच बोललो, असं मीटरवाल्याला जिना उतरताना वाटत राहिलं.

तीन आठवड्यांनी मॅडमचा पुन्हा फोन आला. तीन नंबर आता रोज साडेसात ते आठ हजर होती. "पण एक नंबर गायब आहे. चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा, अठरा दिवस त्या वेळेला नाहीतच. तब्येत तर बिघडली नाही ना, बघून या."

संध्याकाळी धापा टाकतच मीटरवाल्यानं दार वाजवलं. सुनेनं दार उघडलं ते टीव्हीवरची नजर न काढता. "या भाऊ, बसा. जाहिरात लागेपर्यंत बोलू नका हं." आणि ती जाऊन नानांच्या खुर्चीत बसली. मीटरवाल्याचा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात आतून हाक आली, "अगं, कोण रडतंय ते?"

नाना स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होते. निम्मे दाणे पातेल्यात, निम्मे फरशीवर.

"नाना! अहो, घाबरवलंत की! आणि तुमचं बटण?"

"मी समोर बसलोय का? खोटी हजेरी मी लावत नसतो." नानांनी एक शेंग सोलली, मग हात थांबवला. "मीटरवाले, इथून धड काही ऐकू येत नाही हो. नळ चालू, पंखा चालू. आणि अकरा वर्षं मी तिकडे आवाज बारीक करून बसायचो. डोकं दुखतं म्हणून."

मीटरवाला बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "ताई, आवाज थोडा वाढवता का? नानांना ऐकू येत नाहीये."

"वाढवलेलाच आहे, भाऊ," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "ते आत जाऊन बसले ना, त्या पहिल्याच दिवशी वाढवला."