उंदीर की घुशीचं पिल्लू

काळा उंदीर आणि घूस भाऊबंदच. रंग तोच, तोंड तेच, उकरायची खोड तीच. वाढलेला उंदीर आणि घुशीचं पिल्लू शेजारी ठेवलं तर भलेभले फसतात. मी फसत नाही. मी पाय बघतो. पिल्लाचे पाय अंगाच्या मानाने मोठे असतात, त्याला अजून वाढायचं असतं. दुसरीपर्यंत शाळेत गेलो, तिथे हे कुणी शिकवलं नाही.

महाराष्ट्र व्हायच्या आधीची गोष्ट. पनवेलच्या खाडीला लागून आमची खारजमीन होती आणि भरतीचं पाणी अडवायला बाहेरून मातीचा मोठा बांध. उंदराचं बीळ वरवरच असतं. टाचेने तोंड दाबलं की झालं, उगाच बांध फोडायचा नाही. घुशीचं मात्र आरपार जातं. ते शेवटापर्यंत उघडायचं आणि चिखलाने ठासून भरायचं. ही आमच्याकडची रीत.

भाद्रपदात भात पोटरीत आलं होतं. कुत्र्याने बांधावरच्या बिळापाशी एक जनावर मारलं. थोरला भाऊ म्हणाला, उंदीर आहे. वडील गेल्यापासून शेतात शब्द त्याचाच. मी म्हटलं, पिल्लू आहे, आई आत असणार, बीळ उघडू या.

“पाय बघ, दादा.”

“पाय बघायला ती काय नवरी हाय?”

शेजारच्या शेतातली माणसं हसली. मी कुदळ उचलली, ती त्याने माझ्या हातातून काढून घेतली. पुनवेचं उधाण तोंडावर आलंय, आता बांध फोडलास तर तूच बुडवशील, म्हणाला, आणि टाचेने माती दाबली.

पुनवेला भर दुपारी बांध तिथेच बसला. आम्ही दोघं कमरेएवढ्या पाण्यात माती, पेंढा, दगड, मिळेल ते टाकत राहिलो. पाणी आत येतच होतं. मी खरा ठरलो होतो. त्याचं काहीतरी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हात चालत होते, तेवढंच.

ओहोटीला पाणी उतरलं तेव्हा भात उभंच होतं, हिरवं. शेजारी म्हणाले, वाचेल. मग खाऱ्या पाण्याने शेंडे करपायला लागले. भाऊ रोज जाऊन बघून यायचा, जेवायचा, आडवा व्हायचा. माझ्याशी बोलला नाही. मीही आपणहून बोललो नाही. मी का बोलायचं?

शेवटी कापलं. दाणा नव्हताच, निदान गुरांना होईल म्हणून. बैलांनी हुंगलं आणि तोंड फिरवलं. भावाने पेंढी उचलली आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली.