छपराला फोडणी

छाया करंदीकर चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झालेल्या. ओटावाच्या कनाटा भागातल्या एकाच घरात त्या चौतीस वर्षं राहतात. अडीच वर्षांपूर्वी पती चारुदत्त गेले, तेव्हापासून एकट्या. घर सोडायची त्यांची इच्छा नाही. पण त्यानंतरचे दोन्ही हिवाळे स्वयंपाकघराचं छत गळलं. व्हँकुव्हरजवळच्या बर्नाबीहून मुलाने, शुभंकरने, फोनवर स्पष्टच सांगितलं, "आई, आता अजून एकदा लीक झालं तर घर विकायला लिस्ट करायचं. इथे कॉन्डो बघून ठेवलाय."

"बघू," त्या म्हणाल्या, आणि ऑक्टोबरमध्ये मिलिंद खोतला बोलावलं. मिलिंद मूळचा इचलकरंजीचा. वीस वर्षं तो लोकांच्या माळ्यांवर रांगत ऊब घरातच अडवणारं इन्सुलेशन भरतो आहे.

गळतीचं कारण त्याने आधी समजावलं. घरातली ऊब माळ्यावर गेली की छपरावरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी थंड वळचणीशी येऊन पुन्हा गोठतं आणि तिथे बर्फाचा बांध होतो. त्यामागे तुंबलेलं पाणी मग घरात उतरतं.

नंतर तो माळ्यावर चढला आणि तिथूनच ओरडला, "काकू, शेगडीवरच्या एक्झॉस्टचा पाइप इथेच सोडलाय! बाहेर काढलाच नाही. कोणी केलं हे?"

"ह्यांनी. घर घेतलं तेव्हाच. शेजाऱ्यांना लसणाच्या फोडणीचा वास जाऊ नये म्हणून."

"म्हणजे चौतीस वर्षं तुम्ही छपराला फोडणी देताय!"

"मग इतकी वर्षं का नाही गळलं?"

मिलिंद शिडीवरून खाली आला. "कडेचा बर्फ कोणी काढायचं का?"

"हेच की. स्नो पडला रे पडला की लांब दांड्याचं फावडं घेऊन खालून ओढत बसायचे. मी म्हणायचे, ड्राइव्हवे तसाच पडलाय आणि तुम्ही छपराची हजामत करताय."

"काकू, त्या हजामतीनेच घर वाचलं."

छायाताईंनी चहाचं आधण ठेवलं.

मिलिंदने पाइप भिंतीतून बाहेर काढला, माळ्यावरच्या फटी बुजवल्या, इन्सुलेशनचा थर दुप्पट केला आणि वळचणीखालच्या हवेच्या जाळ्या मोकळ्या केल्या. कामाला दोन दिवस लागले.

जानेवारीत एका आठवड्यात साठ सेंटिमीटर बर्फ पडला. फेब्रुवारीत शुभंकर आला, तो बूट काढून थेट स्वयंपाकघरात गेला. खुर्चीवर चढून त्याने छतावरून तळहात फिरवला. कोपऱ्यात दोनदा.

"कम्प्लीटली ड्राय," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय, आई. कॉन्डोवाल्यांना नाही म्हणून कळवतो."

तो खुर्चीवरून उतरायच्या आत छायाताईंनी मिलिंदला फोन लावला. "रविवारी बायकोला घेऊन जेवायला ये."

"काकू, कशाला उगाच? कामच आहे ते माझं."

"ह्यांचे आभार मानायचे राहून गेले," त्या म्हणाल्या. "तुझे तरी वेळेवर मानते."