होणाऱ्या नवऱ्याची खडी गंमत

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, एकच आठवडा उरला होता आणि मी नवऱ्याचं तोंडसुद्धा धड पाहिलेलं नव्हतं. हसू नका. आमच्या कामठीत त्या काळी पाहुणे पाहायला आले की पोरीनं पोह्याच्या बश्या ठेवायच्या, पाटावर बसायचं आणि जमिनीकडे पाहायचं. मान जरा वर केली की "पोरगी लयच धीट दिसते" म्हणून बोंब व्हायची. मी आपली जमिनीकडे पाहत बसले, म्हणून मला दिसले ते फक्त त्याचे पाय. उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं आणि घोट्याजवळ भाजल्याचा पांढरा डाग. जाताना तो "जयभीम" म्हणाला, तेवढाच आवाज कानात राहिला. एवढ्यावरच तो मला आवडला, खरं सांगते.

पोरगा नागपूरच्या मिलमध्ये कामाला होता, नोकरी पक्की होती. बाबांनी पाहुण्यांना एकच गोष्ट विचारली होती, जी ते प्रत्येक स्थळाला विचारत, "नाचगाण्यातलं कोणी नाही ना?" माझे आजोबा गावाकडे लुगडं नेसून मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, अंगणात नाचायचे आणि नाचून झालं की तिथलं उरलंसुरलं पदरात घेऊन घरी यायचे. बाबांनी ते लहानपणी पाहिलं होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी आले, आणि आल्या आल्या त्यांनी आजोबांची घुंगरं कन्हान नदीत सोडून दिली. "पायात घुंगरू बांधणाऱ्याच्या घरी माझी पोरगी जाणार नाही," असं ते कोणालाही तोंडावर सांगायचे. हे स्थळ मावशीनं आणलं होतं. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "नाही जी भाऊजी, तो भला अन् त्याची मिल भली."

मावशी नागपूरलाच नंदनवनात राहायची. त्यांच्या वस्तीतल्या मैदानात रविवारी दुपारी मिक्स प्रोग्राम होता. मिक्स म्हणजे सगळंच, बेंजो, भजन, मिमिक्री आणि शेवटी खडी गंमत, आमच्याकडचा तमाशा, ज्यात बाई होऊन पुरुषच नाचतो. बाबा बेंजोचे असले वेडे की कोणी टाइपरायटरसारख्या त्या बटणांवर बोटं चालवायला लागला की हातातला घास तसाच राहायचा. त्यांनी सकाळीच फर्मान काढलं, बेंजो ऐकायचा आणि खडी गंमत सुरू झाली की उठायचं. मी आनंदानं वेडी झाले. कामठीच्या बाहेर पडायला मिळायचं कधी? ठेवणीतली हिरवी साडी नेसून मी बसमध्ये जाऊन बसले तेव्हा बाबांची मिशीसुद्धा विंचरून झाली नव्हती.

मैदानात ही गर्दी! थंडीचं ऊन, चण्या-फुटाण्याच्या गाड्या, कर्ण्यातून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग". तखत जोडून स्टेज केलेलं. मधोमध दोरी बांधून एकीकडे बायका, दुसरीकडे पुरुष. मावशीनं धक्के देत मला अगदी पुढे नेलं आणि दोरीपलीकडे बाबाही पहिल्याच रांगेत बसले. बेंजोवाला आला. काय वाजवलं हो त्या माणसानं! तारांवरून हात असा पळायचा की दिसायचाच नाही. पब्लिक "वन्समोर, वन्समोर" ओरडायचं आणि तो हसून पुन्हा सुरू करायचा. बाबा मांडीवर ठेका धरून होते. मिमिक्रीवाल्यानं बसच्या कंडक्टरची नक्कल केली तेव्हा तर मी पोट धरून हसले.

मग डफ वाजला. बाबा चपला शोधायला लागले, पण मागे पब्लिक इतकं दाटलेलं की वाट मिळेना. पुन्हा बसले. पाच जण उभे राहिले. या गमतीत सारे उभ्यानंच गातात. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणेवाला आणि मागून सूर धरणारे दोघं झीलकरी. आणि छन्न करत नाच्या आला. लाल लुगडं, वेणीत शेवंती, तोंडाला पावडर. पब्लिकनं शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. स्टेज माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होतं, म्हणून माझी नजर आधी घुंगरांवर गेली.

उजव्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यावर चढलेलं. घोट्याजवळ पांढरा डाग.

"अवं माय!" मी मावशीचा दंड इतक्या जोरानं धरला की ती कळवळली. "मावशी, हा तोच आहे नं?"

मावशीचा चेहरा पडला. "हळू बोल वं! आज त्याची ड्युटी होती म्हणत होता. मले का माहीत, हा रजा टाकून नाचून राहीन म्हणून!"

म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. संताप आला मला. पण खोटं कशाला बोलू, त्या संतापातही माझी नजर त्याच्यावरून हलत नव्हती. बाबांनी त्याचं तोंड पाहिलं होतं, पण ते आता पावडरीखाली होतं. मी फक्त पाय पाहिले होते आणि ते उघडे. बाबांनी त्याला ओळखलं असतं तर सोयरीक मोडली असती, तिथेच, मैदानात. माझं लक्ष एकदा स्टेजवर, एकदा दोरीपलीकडे. 

आणि काय नाचला तो! गमतीत तो झाला होता गावातली एक बाई, जी मालगुजाराकडे पोरांसाठी शाळा मागायला जाते. एक झीलकरी फेटा बांधून मालगुजार झाला. मालगुजार म्हणाला, "शिकून तुझी पोरं काय करतील?" बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमच्या वहीतला आमचा अंगठा पुसून सही करतील जी!" हशा थांबेना. मालगुजार एक बोलला की बाई दोन सुनवायची, शेवटी तो फेटा सावरत पळाला आणि बाई त्याच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी बाबांकडे पाहिलं. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, नंतर नुसतंच पाणी येत होतं.

आणि बाबा उठले. सरळ स्टेजवर चढले. गळ्यातला मफलर काढून हातात घेतला, नाच्याला बक्षीस म्हणून. मावशीनं डोळेच मिटून घेतले.

बक्षीस देणाऱ्याशी नाच्यानं लाडीगोडीची थट्टा करायची, हा गमतीचा रिवाज. शाहिरानं बाबांना गाव विचारलं आणि माइकमध्ये ओरडला, "कामठीचे पाहुणे आले आहेत! विचार वं बाई, घेऊन चालता का मले घरी?" पब्लिक वाटच पाहत होतं. तो मुरडत पुढे आला, पदर दातात धरला, वर पाहिलं, आणि थिजला. समोर होणारा सासरा. त्याच्याशी कसली थट्टा करणार?

"बोल नं वं!" पब्लिक ओरडलं. ढोलकीवाला तीच थाप पुन्हा पुन्हा मारत राहिला.

त्यानं वेणीसकट टोप काढला. आखूड केसांचं ते डोकं उन्हात उघडं पडलं. हात जोडून म्हणाला, "जयभीम, मामाजी."

बाबांच्या हातात मफलर तसाच लोंबकळत होता. त्यांचा जबडा आवळलेला मला खालून दिसत होता. मला वाटलं, गेलं. सगळं गेलं. तो पळाला असता तर चाललं असतं, खोटं बोलला असता तरी चाललं असतं, पण हा वेडा तिथेच हात जोडून उभा! मला तो माणूस हवा होता. तोच हवा होता. मी कधी उभी राहिले मला कळलं नाही, पण तोंडातून निघालं ते साऱ्या नंदनवनानं ऐकलं.

"वन्समोर!"

बायकांच्या बाजूनं अशी आरोळी तिथे कोणी ऐकली नसावी. मावशी माझी साडी ओढत होती, "बस वं, लाज सोडली का?" पण पब्लिकला वाटलं हाही गमतीचाच भाग. सारं मैदान "वन्समोर, वन्समोर" करायला लागलं. बाबांनी वळून मला पाहिलं. मग त्याला पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत. मग त्या रिकाम्या खुर्चीकडे, जिच्यावर मघाशी ती बाई बसली होती.

बाबांनी मफलर त्याच्या गळ्यात घातला. माइक अजून सुरूच होता.

"नाचा तुम्ही," बाबा म्हणाले, "पण साक्षगंधाले पँट घालून येजा, जवाईबापू."